मारिओ, मुस्तफा आणि आपली पोरं

दरवर्षी पालक मेळाव्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सर, पोरगं सुट्टीत घरी आलं की नुसतं मोबाईलवर गेम खेळत बसतंय. तुम्हीच सांगा त्याला काहीतरी." आणि रात्री साडेदहाला हॉस्टेलच्या व्हरांड्यातून जाताना दुसरं वाक्य ऐकू येतं, "अबे कव्हर दे ना! मेलो की!" बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच पोराबद्दलची असतात. शिक्षक म्हणून मी पहिल्या बाजूला उभं राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा. दुसऱ्या बाजूला उभा राहिलो तर प्राचार्य बोलावून घेतील!

पण खरं सांगू? "गेम चांगले की वाईट" हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो असं मला वाटतं. निबंधाला ठीक आहे. पाच फायदे, पाच तोटे आणि शेवटी "अति तेथे माती" लिहिलं की मार्क पडतात. पुढं त्याचा काही उपयोग नाही. आमची पिढी थोडीफार व्हिडिओ गेमवर घडली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि आजची लहान पोरं त्याच नावाच्या दुसऱ्याच एका वस्तूवर बिघडायलीत, हेही सांगतो. नाव एक, वस्तू दोन. हा फरक ज्याला कळेल त्याला धाकट्या भावाबहिणीच्या हातात काय द्यायचं आणि काय नाही, तेही कळेल. म्हणून हा लेखप्रपंच.

फरक समजायचा तर थोडं मागं जावं लागेल. साल २००० च्या आसपास. गाव केज.

आमच्या गल्लीत एकाच घरी व्हिडिओ गेम होता. करड्या रंगाचा डबा, दोन जॉयस्टिक, एक प्लास्टिकची बंदूक आणि वरून खुपसायची पिवळी कॅसेट. (आम्ही कॅसेटच म्हणायचो. कार्ट्रिज हा शब्द इंजिनिअरिंगला आल्यावर कळला.) डब्यावर नाव कोणतंही असो, आत असायची ती जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल. ८ बिटचा प्रोसेसर. १९८५ सालचा अख्खा मारिओ, ८ जगं आणि ३२ लेव्हल धरून, फक्त ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. आज आपण सकाळी सकाळी 'शुभ प्रभात'चा जो फोटो ग्रुपवर ढकलतो, तो बहुतेक वेळा यापेक्षा मोठा असतो!

त्या डब्यानं पहिला धडा दिला तो खेळ सुरू होण्याआधीच. कॅसेटवर लिहिलेलं असायचं, ९९९९ गेम. आत निघायचे मोजून सात-आठ. बाकीचे सगळे तेच गेम, फक्त वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. यादी खाली खाली सरकवत पोरं रात्र घालवायची आणि शेवटी कळायचं की १ नंबरचा, ९ नंबरचा आणि १७ नंबरचा मारिओ एकच आहे. जाहिरातीतला आकडा आणि आतला माल यात फरक असतो, हे आम्हाला वयाच्या बाराव्या वर्षी कळलं. कुणी तास घेतला नाही, कुणी व्याख्यान दिलं नाही.

दुसरा धडा फुंकरीचा. गेम लागला नाही, स्क्रीनवर नुसत्या रेघा आल्या की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि परत बसवायची. लगेच चालू! साऱ्या गल्लीचा या फुंकरीवर विश्वास. फुंकर कुणी मारायची यावरून भांडणं व्हायची, एकाची फुंकर तर 'हातगुण' असल्यासारखी मानली जायची. पुढं इलेक्ट्रॉनिक्स शिकताना कळलं की फुंकरीनं काहीच होत नव्हतं. उलट तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या तांब्याच्या पट्ट्या गंजायच्या. गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळं, कारण संपर्क नीट जुळायचा. एकामागून एक घडलं म्हणजे पहिल्यामुळं दुसरं घडलं असं नसतं, हे मी आजही दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला याच उदाहरणानं शिकवतो. सर्किट चालत नसलं की आधी जोडणी बघा, मग फुंकर मारा!

तिसरी गोष्ट त्या बंदुकीची. डक हंट नावाचा गेम, बदकं उडायची आणि आपण टीव्हीवर नेम धरायचा. आम्हाला वाटायचं, बंदुकीतून काहीतरी अदृश्य निघतं आणि काचेला लागतं. म्हणून आम्ही टीव्हीच्या काचेला हात लावून बघायचो, गरम झाली का! प्रकार बरोब्बर उलटा होता. बंदुकीतून काहीच निघत नव्हतं. बंदूक म्हणजे एक डोळा होता. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या भागाला तो उजेड दिसला तर नेम बरोबर. इतक्या झटपट, की आपल्या डोळ्याला फक्त एक लुकलुक जाणवायची. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे जमायचं, आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. हे सगळं पुढं कधीतरी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. सांगायचं एवढंच, की "हे आतून कसं चालत असेल?" हा प्रश्न ज्याला पडतो तो निम्मा इंजिनिअर झालेला असतो, आणि आमच्यापैकी कितीतरी जणांना तो प्रश्न पहिल्यांदा त्या बंदुकीनं पाडला.

आता मारिओकडं येऊ. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं. इंग्रजीची बोंब. मारिओला ना सूचना, ना गाईड, ना क्लास. तरीही पाच मिनिटांत सगळं समजायचं. कसं? पहिल्या लेव्हलला समोरून एक किडा चालत येतो. काहीच केलं नाही तर मरता. दुसऱ्या वेळी उडी मारता. उडी चुकून त्याच्या डोक्यावर पडली तर तोच मरतो. मग वर प्रश्नचिन्हाचा चौकोन, त्याला डोकं आपटलं की आतून छत्रीसारखं काहीतरी निघायचं. आम्ही त्याला 'कुत्र्याची छत्री' म्हणायचो, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती! ती खाल्ली की मारिओ मोठा. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लेव्हल अशी रचली की खेळणारा एक शब्द न वाचता, मरत मरत शिकतो. प्रत्येक चुकीचं उत्तर एका सेकंदात मिळतं आणि लगेच पुन्हा संधी.

इथं माझ्या सहकारी शिक्षकांना एक नम्र प्रश्न. मारिओ खड्ड्यात पडला तर कुणी त्याच्या बापाला फोन करत नाही. आपल्याकडं मात्र पोराला एम-वनचा पेपर कुठं चुकला हे निकाल लागल्यावर समजतं, तेही आकड्यात, कारण नाही. तोवर पुढची सेमिस्टर निम्मी झालेली असते. बॅक राहिला की पोरगं गप्प होतं, मागच्या बाकावर जातं. त्याच पोरानं लहानपणी मारिओच्या एकाच खड्ड्यात पन्नास वेळा उडी मारलेली असते आणि एकदाही तोंड पाडलेलं नसतं! पोरगं तेच आहे. चूक परवडेल अशी जागा एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढाच फरक. आठवड्याला दहा मार्कांची चाचणी घेऊन दुसऱ्या दिवशी पेपर हातात दिला तर तोही एक प्रकारचा मारिओच होईल.

पण आमच्या लहानपणी गेमपेक्षा जास्त शिकवलं ते गेमच्या भोवतालच्या गर्दीनं. डबा एक, जॉयस्टिक दोन, पोरं बारा. नियम ठरलेला, मेला की उठायचं. "माझा नंबर हाय!" "तुझा कामून? मघाच खेळलास की!" असली खडाजंगी रोजची. पण शेवटी नंबर लागायचा, आणि लहानातल्या लहान पोरालाही जॉयस्टिक मिळायची, कारण तो रडायला लागला तर घरातली काकू टीव्हीच बंद करायची. मारिओत आपण कुठवर आलो ते साठवून ठेवायची सोय नव्हती. सातव्या जगात पोचलात आणि लाईट गेली, की गेलं सगळं. पुन्हा पहिल्यापासून. मराठवाड्यात लाईट केव्हा जाईल ते काही सांगता यायचं नाही. पण कुणी त्यावरून उपाशी झोपलं नाही. "च्यायला!" म्हणून सगळे बाहेर पळायचे आणि अंधारात लपाछपी सुरू व्हायची.

त्या बारा पोरांत एक मुलगी होती, त्या घरचीच, आमच्याहून दोन वर्षांनी मोठी. रणगाड्यांचा एक गेम होता, बॅटल सिटी. दोघांनी मिळून खेळायचा. मध्यभागी खाली विटांच्या आड आपला गरुड, तो वाचवायचा आणि एकेका लेव्हलला शत्रूचे २० रणगाडे उडवायचे. यात गंमत अशी की शत्रूची गोळी लागली तर गरुड मरतोच, पण आपली स्वतःची गोळी लागली तरीही मरतो. आणि जोडीदाराला चुकून गोळी लागली तर तो काही क्षण जागीच थिजतो. पोरं नुसती धडाधड गोळ्या मारायची आणि निम्म्या वेळा स्वतःच्याच गोळीनं हरायची. ताई मात्र आधी सांगायची, "तू वरचं बघ, मी गरुडापाशी थांबते. आन् खाली तोंड करून गोळी मारायची नाय!" टीमवर्क, टीमवर्क म्हणून आज आपण सेमिनार घेतो. ते ताईनं आम्हाला एका वाक्यात शिकवलं होतं. त्याच गेममध्ये स्वतःचं मैदान रचायची सोयही होती, विटा, पोलाद, पाणी कुठं ठेवायचं ते आपण ठरवायचं. ताईनं गरुडाभोवती सगळं पोलादच पोलाद रचलं होतं. खेळायला मजा येईना म्हणून तिनंच ते मोडलं आणि म्हणाली, "हरायची भीतीच नाय तर खेळायचं कशाला?" डिझाईनचा एवढा चांगला धडा मला पुढं चार वर्षांत मिळाला नाही.

ताई बस स्टँडजवळच्या गेमच्या दुकानात मात्र कधी आली नाही. तिथं मुली येतच नव्हत्या. आम्ही पोरं मात्र रुपया मिळाला की तिथं. आता चाळिशीच्या आसपास असलेल्या कुणालाही 'मुस्तफा' म्हणा, डोळे चमकतील. त्या गेमचं खरं नाव वेगळंच, कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडं अख्खा गेमच त्याच्या नावानं ओळखला गेला. एका वेळी तिघांना खेळता यायचा. मारामारी करता करता पिंप फोडलं की आतून खाण्याचं काहीतरी निघायचं, ते उचललं की पावर भरायची. आता ते कुणी उचलायचं? आमच्यात अलिखित नियम होता, ज्याची पावर सगळ्यांत कमी त्यानं. जो हावरटासारखा भरल्या पावरवर जेवण उचलायचा त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी कुणी रुपया टाकायचं नाही. हा नियम कॅपकॉमनं लिहिलेला नव्हता. तो आम्ही लिहिला.

इथं कुणी म्हणेल, सर, तुम्ही जुनं ते सोनं म्हणून गाताय. तसं नाही. ते दुकानही धंदाच होता. नाणं टाकून खेळायचे गेम मुद्दाम अवघड बनवलेले असायचे, पोरगं लवकर मरावं आणि दुसरं नाणं टाकावं म्हणून. हावरेपणा तेव्हाही होता. पण आमच्या खिशात दोनच रुपये असायचे. ते संपले की दुनिया संपली, घरी जा. तो रिकामा खिसाच आमचा रखवालदार होता.

आज खिशात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये यूपीआय. रखवालदार गेला.

आणि इथंच वस्तू बदलली. मारिओ बनवणाऱ्यानं गेम एकदा विकला, पुढं आपण तो किती वेळ खेळलो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. राजकन्या सोडवली की गेम संपायचा. आजचे फुकट मिळणारे बरेच गेम संपतच नाहीत. संपले तर धंदा बंद होईल ना! रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. हरलात? थोडे पैसे भरा, इथूनच पुढं चला. बंद पेटी विकत घ्या, आत काय निघेल ते नशीब. आम्हाला मेल्यावर शिकायला मिळायचं, की उडी थोडी उशिरा मारायला हवी. आजच्या पोराला मेल्यावर शिकवलं जातं, की पैसे असले तर मरायची गरज नाही. दोन्ही खेळांत बोटं तशीच हलतात, पण डोक्यात उतरणारं गणित उलटं आहे.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे पैसे लावून खेळायचे गेम. २०२३ सालची गोष्ट आहे, नाव-गाव सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा, आई-बाप ऊसतोडीला जाणारे. तुमच्यापैकी अनेकांना हे सांगायची गरज नाही, पण शहरातून आलेल्यांसाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून आधीच उचल घेतात आणि सहा-सहा महिने कारखान्याच्या फडावर राबून ती फेडतात. त्या उचलीतले चाळीस हजार पोराच्या फीसाठी त्याच्या खात्यावर आले होते. रमीच्या एका अ‍ॅपवर ते आठ दिवसांत गेले. सुरुवातीला दोनदा जिंकला होता, हे विशेष. बाप कॉलेजला आला तेव्हा रागावला नाही, रडलाही नाही. फक्त एवढंच म्हणाला, "सर, ह्यात जिंकतंय तरी कोण?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, पण त्या माणसाच्या तोंडावर द्यायची हिंमत झाली नाही. म्हणून इथं लिहितो, दादा, त्यात अ‍ॅपवाला जिंकतो. प्रत्येक डावातून त्याचा हिस्सा कापला जातो, डाव कुणीही मारो. संभाव्यता आपण एम-थ्रीला शिकतो ती याच्यासाठीच शिकायची असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात ई-स्पोर्ट्स, साधे करमणुकीचे गेम आणि पैसे लावायचे गेम असे तीन भाग वेगळे केलेत. पैसे लावायचे गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैशाचे व्यवहार हाताळणं यावर बंदी आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला बळी मानलंय. मला हे बरोबर वाटतं. पण कायदा खिशाचं बघेल, वेळेचं कोण बघणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली गेमच्या व्यसनाचा आजारांच्या यादीत समावेश केला आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्यात खेळण्याचे तास मोजलेले नाहीत, हे लक्षात घ्या. बघायचं ते असं, खेळणं स्वतःच्या हातात राहिलंय का, बाकी सगळ्या गोष्टी मागं पडल्यात का, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच आहे का. परीक्षेनंतर रात्रभर खेळणारा आजारी नसतो. सबमिशन बुडतंय, मित्र तुटलेत, जेवण चुकतंय आणि तरीही थांबता येत नाही, तो असू शकतो. अशा मित्राची टिंगल करू नका. त्याला घेऊन या, आपण डॉक्टरांकडं जाऊ.

दुसरी बाजूही विज्ञानाच्याच पुस्तकात आहे. २००३ साली ग्रीन आणि बावेलिये या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की वेगवान गेम खेळणाऱ्यांची नजरेची एकाग्रता न खेळणाऱ्यांपेक्षा चांगली भरते. २००७ साली अमेरिकेत ३३ सर्जन्सची पाहणी झाली. ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळले होते त्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. आता फुंकरीचा धडा आठवा! गेममुळं हात चांगला झाला, की हात चांगला असणारेच गेम खेळायचे, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. पण "गेम म्हणजे नुसता टाइमपास" हे वाक्यही त्यानंतर छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मग लहान पोरांसाठी कसोटी कोणती लावायची? मी तीन लावतो. एक, तो गेम संपतो का? दोन, हरल्यावर पुन्हा सुरुवात करण्याखेरीज काही मोजावं लागतं का? तीन, शेजारी कुणी बसलंय का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही आणि तिसऱ्याचं हो असेल, तर बिनधास्त खेळू द्या. आणि तिन्हीत महत्त्वाची तिसरी. कारण शिकवतो तो गेम नव्हे, गेमबद्दल होणारं बोलणं शिकवतं. मी स्वतः इंजिनिअरिंगला असताना, २००६ च्या सुमारास, काउंटर स्ट्राईक खेळण्यासाठी आमच्या हॉस्टेलवर पोरांनी खोल्याखोल्यांतून केबल ओढल्या. नेटवर्किंगचा पेपर ज्याला अवघड जायचा तोच पोरगा आयपी अ‍ॅड्रेस लावून द्यायचा आणि केबलची टोकं दाबून द्यायचा! खेळ एकट्याचा नव्हता म्हणून हे झालं.

हेही मान्य, की कबड्डी, खो-खो, विहिरीत पोहणं याची जागा कोणताच गेम घेऊ शकत नाही. पण आपल्या जिल्ह्यातल्या लेकरांचा विचार करताना सोपी उत्तरं चालत नाहीत. दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं फडावर जातात. कुणी लेकरं सोबत नेतात, कुणी हंगामी वसतिगृहात ठेवतात, कुणी आजीपाशी. आजीपाशी राहिलेल्या दहा वर्षांच्या लेकराच्या हातात मोबाईल असतोच, कारण आईचा आवाज त्यातूनच येतो. "मोबाईल काढून घ्या" असं त्या घरी जाऊन कोण सांगणार? आईचा फोन आणि न संपणारा गेम एकाच काचेत आहेत. आणि आजीला वाचता येत नाही, त्यामुळं तिसऱ्या कसोटीला तिथं कुणीच पास होत नाही.

तिथं पास होऊ शकता ते तुम्ही. सुट्टीत घरी जाल तेव्हा धाकट्याच्या हातून मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "दाखव बरं, कसं खेळतात." त्याला शिकवू द्या तुम्हाला. तो कुठं अडतो, कुठं पैसे मागितले जातात, समोरचा अनोळखी माणूस काय बोलतो, सगळं पंधरा मिनिटांत दिसेल. मग त्याला विचारा, हा गेम फुकट आहे तर बनवणाऱ्याचं घर कसं चालतं? बघा, पोरगं कसं विचारात पडतं ते. बहिणीलाही खेळायला बोलवा. बॅटल सिटीत आमचा गरुड कुणी वाचवला ते वर सांगितलंच आहे.

आणि फायनल इयरवाल्यांना एक विनंती. दरवर्षी तेच तेच प्रोजेक्ट बघून आम्हीही कंटाळलोय! एखादा ग्रुप गेम का करत नाही? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं २०२० साली 'राजी' हा गेम काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, ही त्याची नायिका, आणि तो जगभर खेळला गेला. आपल्याला एवढं मोठं नको. साध्या मोबाईलवर चालेल, नेट लागणार नाही, मराठीत असेल, वीस मिनिटांत संपेल आणि दोघांशिवाय खेळता येणार नाही, असा एक गेम करा. हंगामी वसतिगृहातल्या पोरांसमोर नेऊन ठेवा आणि कोपऱ्यात उभं राहून बघा, ती कुठं अडतात. ४० किलोबाइटमध्ये मारिओ बसला होता. तुमच्याकडं तर जागाच जागा आहे.

पहिला प्रयत्न फसेल. दुसराही फसेल कदाचित. हरकत नाही, पुन्हा स्टार्ट दाबा. त्याला पैसे पडत नाहीत.